हरलेल्या डावांची वही: आठ महिने वापरून

पोकरमध्ये हरलेले डाव लिहायची माझी वही साधीच आहे, दोनशे पानी, स्टेशनरीच्या दुकानातून साठ रुपयांना आणलेली. जोडीला फोनवर फुकटचं ऑड्स कॅल्क्युलेटर. दोघांचे पत्ते आणि टेबलावरचे पत्ते टाकले की कोण किती टक्के जिंकेल ते सांगतं. मध्ये मध्ये जाहिराती दाखवतं, तेवढं सोसायचं.

वहीची गरज का पडली, तर ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि फोनवरचं पैशांचं पोकर बंद झालं. तिथे प्रत्येक डाव आपोआप नोंदला जायचा. मी तो कधी उघडून पाहिला नाही ही गोष्ट वेगळी. आता आम्ही सात जण नाशकात दर शनिवारी एकाच्या गच्चीवर बसतो. पैसे नाहीत, नुसत्या चिप्स. महिन्याअखेरीस ज्याच्याकडे सगळ्यांत कमी, त्याने सगळ्यांना मिसळ घालायची. पहिले दोन महिने मिसळ मीच घातली आणि दोन्ही वेळा तर्रीवर फुंकर मारत सांगितलं, की पत्तेच येत नाहीत रे.

वहीत रकाने असे: तारीख, माझे पत्ते, समोरच्याचे, टेबलावरचे, निर्णयाच्या वेळी पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) किती, मला किती टाकायचे होते, आणि शेवटी कारण. कारणात तीनच शब्द चालतात. नशीब, चूक, कळत नाही. सुरुवातीला कारण तिथेच गच्चीवर लिहायचो, आणि त्या रात्रींच्या ओळींत 'नशीब' एवढं ठासून लिहिलंय की मागच्या पानावर उमटलंय. दुसऱ्या महिन्यापासून कारणाचा रकाना रविवारी सकाळी चहा झाल्यावर भरायचा असं ठरवलं. या एका बदलाने वहीचे साठ रुपये वसूल झाले.

एक डाव सांगतो. माझ्याकडे बदामचे बादशाह आणि दश्शी, फ्लॉपवर, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन पत्त्यांत, दोन बदाम. आणखी एक बदाम आला की एकाच चिन्हाचे पाच, म्हणजे फ्लश. टर्नला, चौथ्या पत्त्याला, काही आलं नाही. पॉटमध्ये 60 चिप्स, समोरच्याने आणखी 60 लावल्या. मी कॉल केला, म्हणजे तेवढ्याच टाकल्या, रिव्हरला, पाचव्या आणि शेवटच्या पत्त्याला, किलवरची तिर्री आली, गेलो. वहीत शेरा: 'फ्लश आलाच नाही. नशीब.' रविवारी हिशेब मांडला. उरलेले बदाम 9, न दिसलेले पत्ते 46, म्हणजे शक्यता 20 टक्क्यांच्याही जरा खालीच. आणि 120 साठी 60 टाकायच्या तर तीनात एकदा जिंकायला हवं. पाच वेळा असा कॉल केला तर चार वेळा 60 जाणार, एकदा 120 येणार. दर वेळी जवळपास 25 चिप्स मी हौसेने दान करत होतो. बदाम आला असता तर पुढे आणखी मिळाल्या असत्या, हे खरं. पण टेबलावर तीन बदाम दिसल्यावर आमच्यातला कोणीही गप पत्ते टाकतो.

मग इतके दिवस कॉल का करत होतो? फ्लशची शक्यता 35 टक्के, हा आकडा डोक्यात पक्का बसला होता. आकडा बरोबर आहे, पण फ्लॉपवरचा, दोन पत्ते यायचे असतात तेव्हाचा. टर्नला एकच पत्ता उरतो हे माझ्या गावीही नव्हतं. वही चाळली तर हाच डाव वेगवेगळ्या पत्त्यांनी अकरा वेळा सापडला, अकराच्या अकरा 'नशीब' म्हणून. इतकी वर्षं खेळून ही चूक स्वतःहून कधीच लक्षात आली नसती, कारण दर शनिवारी ती नव्या कपड्यांत यायची.

खऱ्या दुर्दैवाचे डावही आहेत. डिसेंबरमधला एक अजून सलतो. हातात दोन एक्के, टेबलावर चार वेगवेगळ्या चिन्हांची दश्शी, चौकी, दुर्री आणि छक्की. टर्नला दोघांच्या सगळ्या चिप्स आत. त्याने दोन नव्व्या दाखवल्या. कॅटमधल्या 44 पत्त्यांपैकी त्याला वाचवणारे फक्त दोन, म्हणजे 22 मध्ये एकदा. रिव्हरला नव्वी. यावर मी अर्धं पान खरडलंय आणि त्यात शिकण्यासारखं अवाक्षर नाही. आता असे डाव एका ओळीत संपवतो.

पण त्या रात्रीची पुढची नोंद बघण्यासारखी आहे. तीनच डावांनंतर मी राणी-सत्तीसारख्या फालतू पत्त्यांवर ऑल-इन गेलोय, सगळ्या चिप्स लावून. राणी-सत्ती! पुढच्या महिन्यांत मोठा डाव हरल्यावरचे असे वेडे कॉल मोजले, तर नव्व्यांनी नेलं त्याच्या दुपटीहून जास्त मी स्वतः उधळलेलं. सध्या मोठा डाव गेला की वही काढून लिहायला लागतो, त्यात पुढचा एक डाव आपोआप सुटतो. तेवढ्यात डोकं जाग्यावर येतं. वहीचा हा उपयोग मी मुळात योजलाच नव्हता.

आता तक्रारी. कॅल्क्युलेटरची मोठी गोम अशी, की आपण त्याला समोरच्याने दाखवलेले पत्ते देतो. माझ्याकडे एक्का-बादशाह, फ्लॉपवर एक्का, नव्वी, चौकी. मी सगळं लावलं, समोरून दोन चौक्या निघाल्या, टेबलावरची धरून तीन. कॅल्क्युलेटर म्हणतं शक्यता अगदी किरकोळ, मी लिहिलं 'चूक'. पण लावताना मला चौक्या कुठे दिसत होत्या? तो एक्का-राणीवरही असाच कॉल करतो, एक्का-गुलामावरही, आणि त्या पत्त्यांविरुद्ध मी 80 च्या वर असतो. महिनाभर मी असे चांगले डाव चुकांत टाकत गेलो आणि खेळ विनाकारण भित्रा झाला. हल्ली एकाऐवजी त्याच्याकडे असू शकतील अशा चार-पाच जोड्या टाकून बघतो. वेळ खातं, पण चालतं.

दुसरा दोष बायकोने काढला. दुधाचा हिशेब शोधताना तिच्या हाती ही वही लागली. पाच-सात पानं उलटून म्हणाली, "अरे, तू एकदाही जिंकला नाहीस का?" मी हसलो, मग रविवारभर तेच डोक्यात. त्याच्या आदल्याच आठवड्यात मी एका पत्त्याची वाट बघत मोठा कॉल केला होता. 46 पैकी चारच पत्ते कामाचे, नऊ टक्केही नाहीत, आणि सत्ती नेमकी आली. गच्चीवर टाळ्या पडल्या. वहीत तो डाव नाही, कारण मी जिंकलो. त्यानंतर पॉट मोठा असेल तर जिंकलेलाही लिहितो. 'चूक' असा शेरा मारायला सगळ्यांत जड तिथेच जातं.

या वहीवरून मी चांगला खेळतो की नाही हे मात्र ठरत नाही. आमचे तासाला पंचवीसेक डाव होतात, तीस शनिवार धरले तरी सगळे मिळून तीनेक हजार. दोन एक्के सरासरीने 221 डावांत एकदा येतात. मला 13-14 वेळा यायला हवे होते, आले अकरा, त्यांतले चार हरलो. एवढ्याशा आकड्यांवरून काय बोलणार? शिवाय पैसे नसल्याने आमच्याकडे कोणीही कशावरही कॉल करतो. कॅसिनोच्या टेबलावर माझे हे अंदाज टिकतील याची मी खात्री देणार नाही.

आणि एक त्रास अलीकडचा. मी लिहून ठेवतो हे कळल्यापासून दोघे जण हरले की पत्ते न दाखवताच कॅटमध्ये सारतात. वर म्हणतात, "लिही की, 'कळत नाही'." गेल्या दोन महिन्यांत तोच रकाना सगळ्यांत जास्त भरलाय.