बेडकाच्या ‘ग्रोथ पॅकेज’मध्ये माझे ८,९९९ रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पोलीस ठाण्यात हसून झालंय, बँकेत हसून झालंय, आमच्या रामबागेतल्या मामांचं तर अजून थांबलेलं नाही. हो, बेडूक. पॅकमॅन बेडूक म्हणतात तो, दक्षिण अमेरिकेतला, गोल गोल, अर्धं शरीर नुसतं तोंडच. चिरंजीवांनी हट्ट केला, ३,८०० रुपये दिले, बसच्या पार्सलने इंदूरला आला आणि चक्क धडधाकट आला. बेडकात काही फसवणूक नव्हती, आणि हीच त्यांची पद्धत आहे. पहिला माल खरा देतात म्हणजे दुसऱ्या मालाला माणूस प्रश्न विचारत नाही. खरी कमाई नंतर, “तुमचा बेडूक वाढत नाहीये” ह्या भीतीवर.

विकणारा व्हॉट्सॲपवर इतका गोड की काय सांगू, आठवड्याला स्वतःहून विचारायचा, “सर, बच्चा कैसा है, फोटो भेजिए.” फोटो पाठवला की लगेच, “सर साइज कम है, कॅल्शियम नहीं मिल रहा, स्टंटेड हो जाएगा.” सोबत दुसऱ्या कुणाच्या, म्हणे त्याच वयाच्या, तळहात भरून बसलेल्या बेडकाचा फोटो. आता कळलंय की पॅकमॅनची मादी नरापेक्षा बरीच मोठी होते, आमचा नर असू शकतो, त्यात वाढीचा वेग खाणं, तापमान ह्यावरही असतो. पण तेव्हा हे कोण सांगणार, सांगणारा तोच एक होता ना! तर सहा महिन्यांचं ‘ग्रोथ पॅकेज’: दर महिन्याला जिवंत मीलवर्म (बेडकाला खायला घालायच्या अळ्या), इम्पोर्टेड कॅल्शियम-डी३, ग्रोथ बूस्टर आणि पाण्यात टाकायचे थेंब. सगळं ॲडव्हान्स, ६,४९९ रुपये.

क्यूआर स्कॅन केला तर नाव आलं कुठल्यातरी मोबाईल रिपेअरिंगवाल्याचं. इथे मी दोन सेकंद थांबलो होतो, खोटं नाही सांगत. विचारलं तर म्हणे, “सर वो जीजाजी का अकाउंट है, मेरा लिमिट हो गया.” आता इंदूरमध्ये भाजीवाल्यापासून पोहेवाल्यापर्यंत निम्म्या लोकांचा क्यूआर भावाच्या नाहीतर बायकोच्या नावावर असतो की नाही? मग मी तेवढ्यावरून काय चोर धरणार होतो!

पण तो डबा. त्या डब्याचा राग अजून जात नाही. हिरवा प्लास्टिकचा डबा, वर रंगीत प्रिंटआउट चिकटवलेली, जर्मनीचा झेंडा, बॅच नंबर नाही, एक्सपायरी नाही, आत किती टक्के काय ते नाही, आणि ‘सील’ म्हणजे चक्क सेलोटेप. उघडल्या उघडल्या मुलगा म्हणाला, “बाबा, ह्याला पिठाचा वास येतोय.” मी त्याला म्हटलं, गप बस, इम्पोर्टेड आहे. आता मला सांगा, बेडकाच्या पावडरीचा वास कसा असतो हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? औषधासारखा यायला हवा की पिठासारखा, कुणी शिकवलंय? बायको मात्र अजून ते वाक्य दर जेवणाला काढते.

मीलवर्म निम्मे काळे पडून मेलेले. उरलेले त्याच्या सांगण्यावरून रोज घातले, हेही चुकीचं निघालं. मीलवर्मचं कवच कडक असतं, ते अधूनमधून ठीक, रोजचं जेवण नाही. आणि तो सोबत पिंकी, म्हणजे उंदराची पिल्लं, आठवड्यातून दोनदा द्या म्हणत होता, ते मी केलं नाही, मला बघवेना. बरं झालं, नेहमी दिली तर बेडूक नुसता चरबीने फुगतो.

दुसऱ्या महिन्याचं पार्सल आलंच नाही. “सर, एअरपोर्ट पर रुका है, वाइल्डलाइफ क्लियरन्स लगेगा, परिवेश पर रजिस्ट्रेशन भी करा देता हूँ.” २,५०० रुपये. कायद्याचं नाव काढलं की आपण मध्यमवर्गीय माणसं घाबरतो, मी दिले. परदेशी प्राण्यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी असते हे खरंच आहे, २०२४ मध्ये तसे नियम आले, पण ते साइट्स (CITES) ह्या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या प्राण्यांसाठी, आणि पॅकमॅन त्या यादीत नाहीच! खोट्यात एवढंसं खरं मिसळतात ते असं. पैसे गेले, संध्याकाळी नंबर ब्लॉक.

तोवर बेडकाचे मागचे पाय थरथरायला लागले होते, किडा तोंडात धरता येईना. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, “मेंढक तो हमने कॉलेज में बस चीरा था.” मग महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकलेले एक तरुण डॉक्टर भेटले, त्यांनी बोटाने जबडा हलवला, रबरासारखा वाकला. हाडांत कॅल्शियमच नव्हतं. एक्स-रे धरून १,४०० रुपये घेतले, पण माणसासारखं समजावलं. किड्यांमध्ये मुळातच फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं, म्हणून पावडर लावून द्यायची, आणि डी३ जीवनसत्त्व नसेल तर ते कॅल्शियम अंगी लागत नाही. डबा बघून ते म्हणाले, घरी बेटाडीनचा थेंब टाकून बघा. टाकला, पावडर काळीनिळी झाली. म्हणजे स्टार्च, म्हणजे पीठ! व्हिनेगर ओतलं तर एक बुडबुडा नाही, कॅल्शियम कार्बोनेट असतं तर फसफसलं असतं. पावडर घ्याल तर ही दोन्ही कामं पहिल्या दिवशी करा, पाच मिनिटं लागतात.

आता सरकारी कामाचं ऐका. ठाण्यात मुन्शी विचारतो, “खाने वाला मेंढक?” मग आतल्या दोघांना बोलावून माझ्याकडून परत सगळं वदवून घेतलं, त्यांच्या चहाबरोबर करमणूक झाली, आणि म्हणे सायबरवाल्यांकडे जा. सायबरवाले म्हणे ऑनलाइन टाका. ऑनलाइन टाकलं तर फोन येतो की रक्कम छोटी आहे, इथे लाखांच्या केसेस पडल्यात. अहो मग छोट्या माणसाने कुठे जायचं, आधी लाखभर बुडवून यायचं का? बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. वनखात्याच्या ऑफिसात म्हणे विदेशी जनावर आमचं नाही, आणि वर मलाच विचारलं की ठेवलाच कशाला. टॅक्स भरताना मात्र मी सगळ्यांचा असतो! त्या मोबाईल रिपेअरिंगवाल्याचं नाव, यूपीआय आयडी, स्क्रीनशॉट सगळं ताटात वाढून दिलंय, एक फोन करायला कुणाचं काय जातं?

पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा, दुसऱ्या दिवशी नाही, तासाभरात लावलात तर रक्कम मध्येच अडवता येते. मी आधी त्या माणसालाच फोन करत बसलो होतो, म्हणजे कुणीही तेच करेल म्हणा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण तिथे विकणाऱ्याचा पत्ता द्यावा लागतो, त्यामुळे बिल नाही तर माल नाही.

आणि ते पाण्याचे थेंब घेऊच नका. आपल्या नळाला नर्मदेचं क्लोरीनवालं पाणी येतं, बेडूक ते कातडीतून शोषतो, त्यामुळे काळजी घ्यायलाच हवी, पण पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवलं तरी क्लोरीन उडतो, नाहीतर माशांच्या दुकानात क्लोरीन मारणारे हायपोचे खडे स्वस्तात मिळतात.

मामा म्हणाले, “एवढे पैसे कशाला, पावसाळ्यात पाताळपाणीच्या धबधब्यावरून फुकट धरून आणला असतास.” नका आणू. आपला तो मोठा, पावसात पिवळाधमक होणारा बेडूक वन्यजीव कायद्यात संरक्षित आहे, तिथे वनखातं बरोबर जागं होईल.

खाण्याचं म्हणाल तर किडा बेडकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. पिल्लाला जवळपास रोज, मोठ्याला दोन-तीन दिवसांआड. क्रिकेट, म्हणजे रातकिडे, घरात एखादा दिवस गाजर, पालेभाजी खाऊ घालून मगच द्या, रिकाम्या पोटाचा किडा म्हणजे नुसतं टरफल. दिव्याखाली जमलेले किडे अजिबात नाही, कुणाच्या घरचं हिट मारून आलेत कोण जाणे. गांडूळ उत्तम, पण खताच्या खड्ड्यातले लाल बरेच बेडूक थुंकतात. बेडकाच्या टाकीत खाली बारीक खडी नको, किड्याबरोबर गिळतात आणि पोटात अडकते, कोकोपीट (नारळाचा भुसा) घाला. बोटाने भरवू नका, हा प्राणी बोटही धरतो आणि सोडत नाही, बोथट चिमटा वापरा.

आमचा आता खातो, जबडा जरासा वाकडाच राहिलाय. त्या माणसाने नवीन नावाने पेज काढलंय, तोच तळहातावरच्या बेडकाचा फोटो, पॅकेज आता ६,९९९ झालंय. हिरवा डबा कुणाकडे आला असेल तर फेकू नका, सेलोटेपसकट ठेवा आणि मला कळवा, तक्रारी एकत्र टाकू, निदान तेव्हा रक्कम छोटी आहे असं तरी म्हणता येणार नाही.