फायब्रोमायल्जिया: अमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन की प्रीगॅबालिन?

रिपोर्ट सगळे नॉर्मल आणि अंग मात्र सकाळपासून ठणकतंय, त्यात घरचे म्हणतात मनावर घेऊ नकोस, आणि मग कधीतरी डॉक्टर फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याचा आजार, सांगतात आणि या तिघांपैकी एक गोळी लिहून देतात. यातली स्ट्राँग कुठली हे विचारून फारसा उपयोग नाही. दुखण्याच्या जोडीला तुम्हाला काय छळतंय आणि कुठला साइड इफेक्ट अजिबात चालणार नाही, हे डॉक्टरांना आधी सांगा.

झोपेचं खोबरं झालं असेल तर मला अमिट्रिप्टिलिनपासून सुरुवात करणं पटतं. जुनी आहे, स्वस्त आहे. डिप्रेशनला मोठा डोस लागतो, इथे रात्री 10 एमजीपासून सुरू करतात, आणि झोपायच्या तास-दोन तास आधी घेतली तर सकाळी डोकं कमी जड राहतं. तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, वजनही वाढतं. काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हार्टचा त्रास असेल तर आधीच सांगायचं, आणि वय झालेल्यांना तोल जाऊन पडायची भीती असते म्हणून त्यांना ही शक्यतो नकोच.

मन खचलंय, कशातच उत्साह नाही असं असेल तर ड्युलॉक्सेटिन. चिठ्ठीवर डिप्रेशनची गोळी बघून बायका खूप दुखावतात, म्हणजे मला वेडी समजले का. तसं नाहीये हो, मेंदूकडून खाली येणारी दुखणं दाबणारी यंत्रणा याने सुधारते, म्हणून डिप्रेशन नसलेल्यांनाही देतात. साधारण आठवडाभर 30, मग 60 एमजी. सुरुवातीला मळमळ होते, जेवणानंतर घेतली तर थोडी कमी. बीपीवर लक्ष ठेवायचं, लिव्हरचा आजार किंवा रोजची दारू असेल तर ही नको. अमेरिकेत 2008 मध्ये फायब्रोमायल्जियासाठी मान्यता मिळाली, युरोपने मात्र नाकारली, म्हणजे फायदा किती हे तिथल्या तज्ज्ञांनाही पुरेसं पटलेलं नव्हतं.

प्रीगॅबालिनला अमेरिकेत 2007 मध्ये मान्यता मिळाली. झोपेलाही बरी. पण चक्कर, गुंगी, पाय सुजणं आणि वजन, हे चारही त्रास नीट ऐकून घ्या. रोज स्कूटी चालवत असाल तर पहिले काही दिवस चालवू नका. किडनी कमजोर असेल तर डोस कमी लागतो, प्रेग्नन्सीचा विचार असेल तर आधी बोला. आणि एक, स्ट्रिप उलटी करून वाचा, आपल्याकडे प्रीगॅबालिन 75 सोबत मिथाइलकोबालामिन (बी-12 व्हिटॅमिन) किंवा नॉरट्रिप्टिलिन (अमिट्रिप्टिलिनच्याच जातीचं औषध) घातलेल्या गोळ्या सर्रास मिळतात, मग एकाचाच डोस कमी-जास्त करता येत नाही. साधी मागा.

अपेक्षा मात्र खरी ठेवा. प्रीगॅबालिनच्या अभ्यासांत औषध नसलेल्या खोट्या गोळीच्या तुलनेत शंभरात साधारण दहाच जास्त लोकांचं दुखणं निम्म्याने उतरलं. ज्यांना लागू पडतं त्यांना खूपच फरक पडतो, बाकीच्यांनी वर्षभर ओढत बसू नये, दीड-दोन महिन्यांत काहीच फरक नसेल तर डॉक्टरांशी बोलून बदलावी. पण तिन्हीपैकी कुठलीही गोळी एकदम बंद करायची नाही, हळूहळू उतरवायची, ड्युलॉक्सेटिन अचानक सोडलं की चक्कर येते आणि डोक्यात करंट लागल्यासारखं होतं.

डायक्लोफेनॅकसारखी पेनकिलर रोज खाऊन फायब्रोचं दुखणं जात नाही, पोट आणि किडनी मात्र बिघडते. ट्रॅमाडॉल या स्ट्राँग पेनकिलरची सवय लागते, शिवाय ड्युलॉक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिन चालू असताना ती धोक्याची ठरू शकते, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरकडे कंबर दाखवायला गेलात तरी सगळ्या स्ट्रिपा सोबत न्या.