किचन ट्रॉलीची जुनी शटर: ऑइल पेंट, वॉटर बेस इनॅमल, पीयू की चिकटवायचा व्हिनाइल?

सांगाडा ठणठणीत आहे, पण शटरची रया गेली आहे आणि नवं मॉड्युलर किचन करण्याइतके पैसे काढायचे नाहीत, अशा घरांसाठी हे लिहितो आहे. रंग ठरवण्याआधी शटर कशाचं आहे ते बघा. बिजागरी काढली की भोकात आतला माल दिसतो. भुसा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड असेल आणि सिंकखालचं शटर फुगलेलं असेल, तर त्यावर एक रुपयाही घालू नका. फुगलेला बोर्ड परत बसत नाही, त्यावर रंगही टिकत नाही. तेवढं एक शटर सुताराकडून नवं करून घ्या आणि बाकीची रंगवा.

खरी निवड ऑइल पेंट आणि वॉटर बेस इनॅमल या दोघांत आहे. ऑइल पेंट सगळ्या पेंटरांच्या हातातला, चकाकी भरपूर, पुसायला सोपा आणि सहसा थोडा स्वस्त. पण पांढरा किंवा फिका क्रीम घेतलात तर तो पिवळा पडतो. शेगडीजवळ आणि शटरच्या आतल्या अंधाऱ्या बाजूला तर लवकरच. शिवाय टर्पेंटाइनचा वास काही दिवस घरात राहतो. लहान मूल किंवा दम्याचा माणूस घरात असेल तर हा त्रास किरकोळ समजू नका. वॉटर बेस इनॅमल पाण्यात पातळ होतो, वास कमी, लवकर सुकतो, पांढरा बराच काळ पांढरा राहतो. मात्र हाताला सुकलेला वाटला तरी पुरता कडक व्हायला त्याला काही आठवडे लागतात. तोवर ओल्या फडक्याने घासायचं नाही. फिका रंग हवा असेल तर मी वॉटर बेसच घ्यायला सांगेन. गडद तपकिरी किंवा हिरवा हवा असेल आणि जुनाच ऑइल पेंट खाली असेल, तर पुन्हा ऑइल पेंट मारायला हरकत नाही.

दोन्हींच्या किमतीतला फरक मोठा नाही, कारण रंग लागतो थोडा. खाली 10 फूट लांब नि अडीच फूट उंच, वर 10 फूट लांब नि 2 फूट उंच अशी शटर धरली तर दर्शनी भाग 45 चौरस फूट होतो, म्हणजे दोन हातांचे 90. लिटरभर रंगात हे साधारण भागतं. खर्च होतो तो मजुरीत, आणि रंग टिकतो तो तयारीवर. फोडणीचा वर्षानुवर्षांचा ओशट थर आधी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने काढा, साध्या पाण्याने पुसा, वाळू द्या. मगच 180 किंवा 220 नंबरचा पॉलिश पेपर. आधी पेपर मारलात तर तेल आणखी आत घासलं जातं. सनमायका गुळगुळीत असतो, त्यावर साधा लाकडाचा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, धरत नाही. दुकानात लॅमिनेटवर, म्हणजे सनमायकावर, चालणारा प्रायमर मागा. एका शटरच्या मागच्या बाजूला प्रायमर लावून दिवसभर ठेवा, ब्लेडने हलक्या चिरा पाडा, चिकटपट्टी दाबून झटकन ओढा. पट्टीला प्रायमर आला तर पुढे जाऊ नका.

एक काळजी आवर्जून घ्या. घरगुती रंगांतलं शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) खाली ठेवण्याचा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचा ऑइल पेंट असेल तर कोरडा घासू नका. वॉटर पेपर ओला करून घासा आणि मुलांना लांब ठेवा.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग, सर्वांत देखणा आणि टणक. पण त्यात हार्डनर मिसळतात, तो सहसा स्प्रेने मारतात आणि त्याची वाफ श्वासाला घातक असते. म्हणून शटर काढून कारखान्यात पाठवावी लागतात, खर्च ऑइल पेंटच्या कित्येक पट होतो. शटर चांगल्या प्लायची असतील तरच तो खर्च शोभतो.

चिकटवायचा व्हिनाइल, म्हणजे मागे गोंद असलेला प्लास्टिकचा पातळ कागद, भाड्याच्या घराला ठीक, तोही वरच्या कपाटांना आणि मालकाला विचारूनच. शेगडीच्या आसपास उष्णतेने त्याच्या कडा सुटतात, सुटलेल्या कडेखाली तेल जातं. जुन्यावर नवा सनमायका हा पाचवा पर्याय टिकाऊ आहे, पण जाडी वाढते आणि शटर एकमेकांना घासतात. ते काम सुताराचंच.

वेळ निवडताना पावसाळा टाळा. दमट हवेत ऑइल पेंट दिवसेंदिवस चिकट राहतो. दिवाळीसाठी करायचं असेल तर फराळाच्या तळणाआधी निदान तीन-चार आठवडे काम संपवा. शटर काढताना प्रत्येकाच्या बिजागरीच्या भोकात पेन्सिलने नंबर घाला आणि त्या-त्या बिजागऱ्या वेगवेगळ्या पिशवीत ठेवा, म्हणजे परत बसवताना फटी सारख्या येतात.