बेल सायफन किट: माल चांगला, पण व्हॉल्व्ह दिला नाही त्यामुळे दोन आठवडे वाया गेले

गच्चीवरच्या ॲक्वापोनिक्ससाठी (खाली मासे, वर मातीशिवाय झाडं, माशांचं पाणी पंपाने झाडांना) हे बेल सायफनचं किट, म्हणजे झाडांच्या बेडमध्ये पाणी भरलं की आपोआप खाली उतरवणारी जोडणी, ऑनलाइन मागवलं त्याला तीन महिने होऊन गेले. पहिल्या आठवड्यात रिव्ह्यू लिहिला असता तर एक स्टार दिला असता, आज चार देतेय. मधे काय काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण किटसोबत जो कागद येतो त्यात फक्त जोडणीचं चित्र आहे, पाणी उतरलं नाही तर काय करायचं त्याबद्दल एक ओळसुद्धा नाही.

माझा सेटअप असा: खाली ५०० लिटरची टाकी, त्यात १८ छोटे कोई मासे, वर निळा ड्रम आडवा कापून केलेला फूटभर खोल झाडांचा बेड, त्यात धुतलेली खडी. किटमध्ये पाऊण इंची स्टँडपाइप (बेडमधून खाली जाणारा उभा पाइप), त्यावर उपडी बसणारी दोन इंची बेल (वरून कॅपने बंद केलेला पाइप), खडी आत येऊ नये म्हणून भोकं पाडलेला चार इंची पाइप, टँक निपल (ड्रमच्या भोकात पाइप बसवायचा जोड), दोन रबरी वॉशर आणि १८ वॅटचा पंप. निपल आणि वॉशर एकदम मस्त, आजपर्यंत ड्रमखाली एक थेंब गळलेला नाही, त्याला पूर्ण मार्क.

आता सायफन. बेडमधलं पाणी चढत जातं, स्टँडपाइपच्या तोंडातून आत सांडायला लागतं, पाइप गच्च भरला की बेलमधली हवा ओढली जाते आणि सायफन धरतो, मग पाणी झपाट्याने खाली टाकीत. पाणी बेलच्या खालच्या खाचांपर्यंत उतरलं की हवा आत शिरते, गुर्र आवाज येतो आणि सायफन तुटतो. माझ्याकडे पहिले चार दिवस यातलं काहीच झालं नाही. पाणी वरपर्यंत भरलेलं आणि पाइपमधून नुसती धार, बेड रिकामा होतच नाही. पालकाची पानं पिवळी पडायला लागली, मुळाशी वास यायला लागला आणि मला माशांचं जास्त टेन्शन, कारण अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू खडीत राहतात आणि त्यांना हवा लागतेच. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणाले मॅडम पंप मोठा घ्या. हा सल्ला अजिबात ऐकू नका.

खरं कारण सांगितलं आमच्या कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्या काकांनी. बेल हातात घेतली, कॅप जरा फिरवून बघितली आणि विचारलं, "ताई, सोल्यूशन लावलंय का याला?" पाइप चिकटवायचं सोल्यूशन लावलेलंच नव्हतं, कंपनीने कॅप नुसती दाबून बसवलेली. घरी येऊन बेल उघड्या तोंडाने बादलीत खाली दाबली तर कॅपच्या कडेने बारीक बुडबुड्यांची माळच निघाली. इथून हवा आत येत असेल तर सायफन कसा धरणार! कॅप काढली, कोरडी केली, सोल्यूशन लावून रात्रभर ठेवली.

दुसरी चूक माझी. बेडखालचा पाइप टाकीच्या पाण्यात चार-पाच इंच बुडवला होता, आवाज नको म्हणून. पण मग पाइपमधल्या हवेला बाहेर जायला वाटच राहत नाही. हॅक्सॉने कापून पाण्याच्या दोन इंच वर आणला आणि टोकाला एक एल्बो (काटकोनात वळणारा जोड) लावला. एल्बोमुळे पाणी जरा अडतं, पाइप लवकर भरतो आणि सायफन लवकर धरतो. शिवाय पाणी वरून पडतं त्याने माशांना ऑक्सिजन मिळतो तो वेगळाच.

सायफन धरला. आणि मग तुटेना! बेड रिकामा, तळाशी इंचभर पाणी आणि गुरगुर चालूच, कारण पंप जेवढं टाकतो तेवढं पाइप ओढून नेतोय. इथे लक्षात आलं की पंपावर व्हॉल्व्ह हवा होता आणि तो किटमध्ये नाहीये. बॉल व्हॉल्व्ह आणून लावला तर उत्साहात इतका बंद केला की परत नुसती धार. शेवटी १० लिटरची बादली आणि मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन बसले. पूर्ण उघडा असताना बादली १ मिनिटात भरायची, तेव्हा सायफन तुटत नव्हता. ४ मिनिटं लागतील इतका बंद केला की धरत नव्हता. २ मिनिटांवर आणला आणि जमलं, ८-९ मिनिटात बेड भरतो, ४ मिनिटात रिकामा. तुमचा पाइप नि उंची वेगळी असेल तर आकडा वेगळा येईल, पण मोजा, अंदाजाने व्हॉल्व्ह फिरवत बसू नका.

तरी अधूनमधून तुटायला वेळ घ्यायचा म्हणून कॅपला भोक पाडून माशांच्या एअर पंपाची नळी बसवली, एम-सीलने घट्ट, दुसरं टोक खाचांच्या किंचित वर सोडलं. पाणी त्या टोकाखाली गेलं की हवा थेट बेलच्या डोक्यात जाते आणि सायफन खटकन तुटतो. दहा रुपयांची नळी, हीसुद्धा किटमध्ये द्यायला काय हरकत होती.

खडीचं पण सांगते, हेच लोक मातीच्या भाजलेल्या गोळ्या बऱ्याच महाग विकतात. हलक्या असतात हे खरं, पण पुण्यात आपला काळा दगड आहे, त्याने पाण्याचा पीएच बदलत नाही. फक्त व्हिनेगरचे चार थेंब टाकून बघा, फेस आला तर त्यात चुना आहे, घेऊ नका. आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, माझ्या खाचांत आधी कचच अडकली होती.

दोन महिन्यांनी एकदा परत अडलं. बेल उचलली तर खाचेतून पुदिन्याचं पांढरं मूळ आत शिरून स्टँडपाइपभोवती लोकरीसारखं गुंडाळलेलं. आता पुदिना ड्रमच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि दर रविवारी बेल काढून ब्रशने घासते, पाच मिनिटांचं काम.

एक स्टार कापला तो व्हॉल्व्ह आणि कॅपसाठी. घेणार असाल तर त्याच दिवशी बॉल व्हॉल्व्ह, एक एल्बो आणि सोल्यूशनची छोटी डबी आणून ठेवा. आणि आमच्यासारखी लाईट जात असेल तर स्टँडपाइपच्या तळाशी ४ एमएमचं भोक पाडा, पंप बंद पडला तरी बेडमधलं पाणी हळूहळू टाकीत उतरतं आणि मुळं पाण्यात बसून राहत नाहीत. भोक पाडल्यावर बादलीची वेळ मात्र पुन्हा एकदा मोजा, मला व्हॉल्व्ह थोडासा जास्त उघडावा लागला.