सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण: नाशिकच्या आकाशासाठी आणि आमच्या संडे स्कूलसाठी

पहिली दुर्बीण घ्यायची असेल तर सहा इंची डॉब्सोनियनच घ्या, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवर ठेवलेली आरशाची दुर्बीण. आरसा १५० मिलिमीटरचा, नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथवरचं) १२०० मिलिमीटर, सोबत २५ आणि १० मिलिमीटरचे दोन आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं. त्यांतल्या एकातून ४८ पट आणि दुसऱ्यातून १२० पट मोठं दिसतं. मोटर नाही, ॲप नाही. हाताने वळवायची आणि बघायचं. मी शरणपूर रोडला राहते, चर्चच्या संडे स्कूलमध्ये शिकवते आणि ही दुर्बीण मुलांसाठीच घेतली.

मोटर नसल्याचा एक फायदा कुठल्याच जाहिरातीत नसतो. १२० पटीला ग्रह दोन मिनिटांच्या आत नजरेतून सरकून जातो, कारण आपली पृथ्वी फिरते आहे. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका आजींनी शनी पाहिला आणि कुणी चित्र चिकटवलंय का ते बघायला थेट नळीच्या तोंडाशी गेल्या. "आजी, हात नका लावू, आरसा खराब होईल!" मी ओरडलेच. परत येऊन त्यांनी डोळा लावला, तोवर शनी निघून गेला होता. "चित्र असतं तर पळालं नसतं गं," त्या म्हणाल्या, आणि शंका तिथेच मिटली. शनीची कडी सध्या बारीक आहेत, हे मात्र घेण्याआधी माहीत असू द्या. २०२५ मध्ये त्यांची कड आपल्याकडे वळली होती. आता ती वर्षागणिक पुन्हा उघडत जातील.

गुरू, शनी, चंद्र कॉलेज रोडच्या गच्चीवरूनही उत्तम दिसतात. तेजोमेघांसाठी, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांसाठी, मात्र शहर सोडायला हवं. आम्ही त्र्यंबक रोडने अंजनेरीच्या पुढे जातो. नळी गाडीच्या मागच्या सीटवर आडवी मावते. थंडीत पोचल्यावर अर्धा तास तिला उघड्यावर ठेवा. आरसा गार झाल्याशिवाय प्रतिमा स्थिर होत नाही.

उणी बाजूही सांगते. सोबतचा १० मिलिमीटरचा आयपीस सुमार आहे, तो पुढेमागे बदलावा लागतो. बैठक भुश्शाच्या दाबलेल्या फळीची, ती पावसाळ्यात फुगते. आमची एका कडेला फुगलीच. जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पुड्या टाकून सगळं झाकून ठेवा. आरसे जुळवायचे स्क्रू असतात, ते काम शिकून घ्यावंच लागतं. पुस्तिका इंग्रजीत आणि त्रोटक.

आणि कृत्तिका! बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाच्या ३८व्या अध्यायात देव कृत्तिका आणि मृग या दोघांबद्दल विचारतो, म्हणून मुलांना आधी त्याच बघायच्या असतात. पण ४८ पटीलाही या दुर्बिणीत एका वेळी जेमतेम एक अंश आकाश मावतं आणि कृत्तिकांचा पसारा त्याहून मोठा. साध्या ७×५० द्विनेत्रीतून (बायनॉक्युलरमधून) त्या कितीतरी सुंदर दिसतात.

याच वचनावरून मोबाइलवर व्हिडिओ फिरतात: कृत्तिकांचे तारे गुरुत्वाकर्षणाने बांधलेले आहेत हे विज्ञानाला आत्ता कळलं, बायबलने आधीच सांगितलं होतं. मी हे वर्गात शिकवत नाही. कृत्तिकांचा तो गुच्छही साधारण २५ कोटी वर्षांत विखुरणार आहे. आणि त्या अध्यायात देव ईयोबाला खगोलशास्त्र शिकवत नाही, तुला हे जमेल का, असं विचारतो. त्या प्रश्नाचं वजन अशा पुराव्याने कमी होतं. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी विश्वाच्या आरंभाचा संबंध निर्मितीशी जोडला, तेव्हा ते लमेत्रना रुचलं नाही. मला लमेत्रांचं पटतं. आज ज्या सिद्धांतावर श्रद्धा टेकवली तो उद्या बदलला तर मुलांनी काय करायचं?

तरीही बायबलमधल्या १९व्या स्तोत्रातली पहिली ओळ, आकाश देवाचा महिमा सांगतं ही, मी अक्षरशः खरी मानते. मृगातला तेजोमेघ २५ च्या आयपीसमध्ये राखाडी दिसतो, फोटोतले रंग शोधू नका. पण त्याच्या मधोमध चार छोटे तारे एकमेकांना चिकटून दिसतात, आणि भोवतीच्या त्या वायूत अजून तारे जन्माला येताहेत. अंतर सुमारे १३०० प्रकाशवर्षं. तिथला हायड्रोजन आणि गोदावरीच्या पाण्यातला हायड्रोजन एकच. प्रकाशाच्या वर्णपटातल्या त्याच रेषा, तेच नियम. मला निर्माता दिसतो तो इथे, विज्ञानाला जे नीट समजलंय त्यात. इतक्या लांबवर एकच नियम चालतो आणि तो माणसाच्या बुद्धीला कळतो, याचं मला दुसरं समाधानकारक कारण सापडलेलं नाही. माझा एक विद्यार्थी हे मानत नाही. तोही येतो, आणि आरसे जुळवण्यात सगळ्यांत तरबेज तोच आहे.

नाशिकचं अक्षांश २० अंश, हे आपलं भाग्य. एप्रिल-मेमध्ये रात्री दहा-अकराला दक्षिणेकडे, क्षितिजापासून २३ अंशांपर्यंत चढणारा ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ बघा. युरोपातल्या बहुतेक गावांतून तो दिसतच नाही. नुसत्या डोळ्यांना धूसर ठिपका, दुर्बिणीत काळ्या ताटात रवा सांडावा तसे तारे. त्या गुच्छात सुमारे एक कोटी तारे आहेत. स्तोत्रकर्ता म्हणतो, देव ताऱ्यांना नावानिशी हाक मारतो. हे वाचून दाखवायला याच्याइतकी चांगली जागा मला माहीत नाही.

एकट्याला किंमत जड वाटली तर मंडळीत वर्गणी काढा. घ्यायची ती दिवाळीच्या आत घ्या, म्हणजे हिवाळ्याचं स्वच्छ आकाश पूर्ण मिळेल, आणि उरलेल्या पैशांत आधी तो १० चा आयपीस बदला.