व्हिटोरिया मास्टिक वन: सायक्लोक्रॉसच्या चिखलात टायर धरून ठेवणारा गोंद

सायक्लोक्रॉससाठी, म्हणजे चिखल-मातीतल्या सायकल शर्यतींसाठी, ट्युब्युलर टायर (रिमवर गोंदाने चिकटवायचे टायर) लावायचे असतील तर गोंद व्हिटोरिया कंपनीचा मास्टिक वनच घ्या आणि सोबत सुती बेल्जियन टेप घ्यायला विसरू नका. मत आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा बहुतेक मजकूर हा गोंद लावायचा कसा यावर आहे. उत्तम गोंद घाईत लावला तर टायर रिमवरून सुटतो, आणि सुटतो तो नेमका वळणावर.

या गोंदावर केवढा भार येतो ते समजून घ्यायला झ्देन्येक श्टिबरची कारकीर्द बघावी. चेक प्रजासत्ताकाच्या या सायकलपटूने सायक्लोक्रॉसचं एलिट जगज्जेतेपद तीनदा जिंकलं: 2010 मध्ये मायदेशात ताबोरला, 2011 मध्ये जर्मनीतल्या सांक्ट वेंडेलला आणि 2014 मध्ये नेदरलँड्समधल्या होगरहाइडेला, बेल्जियमच्या स्वेन नेइसशी अटीतटीची झुंज देऊन. ताबोरची शर्यत जानेवारीअखेरच्या कडाक्याच्या थंडीत झाली, जमीन गोठलेली होती. अशा जमिनीत चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या टणक होऊन बसतात. चाक एकदा चाकोरीत शिरलं की तिची कड टायरला बाजूने ढकलत राहते. चिखलात वेगळी तऱ्हा: तिथे तिरक्या उतारावर सायकल आडवी धरून चालवावी लागते आणि सगळं वजन टायरच्या एकाच कुशीवर येतं.

नियमाप्रमाणे क्रॉसचा टायर 33 मिमीपेक्षा रुंद चालत नाही. रुंदी वाढवता येत नाही, मग पकड मिळवायची ती टायरच्या नक्षीतून आणि हवा कमी ठेवून. साधारण 70 किलोचा रायडर चिखलात 1.4 ते 1.6 बार, म्हणजे 20 ते 23 पीएसआयवर धावतो. ट्यूब घातलेला साधा टायर एवढ्या कमी हवेत दगडावर आपटला की ट्यूब रिमच्या कडेखाली चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्युब्युलरची ट्यूब टायरच्या आतच शिवलेली असते आणि रिमला धारदार कडा नसतात, त्यामुळे हा धोका पुष्कळ कमी होतो. म्हणूनच श्टिबरच्या काळी अव्वल क्रॉस रायडर ट्युब्युलरच पसंत करत, आणि आजही अनेक जण करतात.

पण याची किंमत गोंदाला मोजावी लागते. ट्युब्युलरला रिमवर धरून ठेवणाऱ्या गोष्टी दोनच. हवा भरली की टायर आवळतो आणि रिमवर घट्ट बसतो, ही पहिली, दुसरा गोंद. ट्रॅकवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या गोल धावपट्टीवर, 8 ते 10 बार हवा असते, तिथे आवळण्याचा मोठा आधार मिळतो. 1.5 बारला तो आधार जवळपास नाहीसा होतो आणि बाजूचा सगळा जोर गोंदावर येतो. एकच गोंद ट्रॅकवर निभावून नेतो आणि क्रॉसमध्ये दगा देतो, त्याचं कारण हे.

दुसरी अडचण आकाराची. बऱ्याच रिमचा खोलगट भाग 23 ते 25 मिमीच्या रोड टायरच्या गोलाईला जुळवून केलेला असतो. क्रॉसचा 33 मिमीचा टायर त्यापेक्षा चपटा. तो रिमच्या दोन्ही कडांवर टेकतो आणि मधोमध पोकळी राहते. ती नुसत्या गोंदाने भरू नका. जाड थर आतून कधीच नीट वाळत नाही. बेल्जियन टेप म्हणजे सुती पट्टी, ती हीच पोकळी भरून काढते. ती गोंदात भिजते, वाळते आणि टायरला मधोमधही धरायला जागा मिळते.

आता साहित्य. गोंदाची 30 ग्रॅमची ट्यूब मिळते आणि 250 ग्रॅमचा डबाही. रोडच्या एका चाकाला पहिल्यांदा एक ट्यूब पुरते. क्रॉसच्या चाकाला टेपसकट दीड ते दोन ट्यूब लागतात, म्हणून दोनपेक्षा जास्त चाकं करायची असतील तर डबाच परवडतो. याशिवाय अर्धा इंची ब्रश (केस निम्मे कापून टाका, मऊ ब्रशने हा गोंद पसरत नाही), रबरी हातमोजे, अ‍ॅसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, रंगाऱ्याची कागदी टेप आणि चाक फिरवत ठेवायला ट्रुइंग स्टँड. खिडक्या उघड्या ठेवा. वास उग्र असतो आणि वाफ पेट घेते, त्यामुळे आसपास शेगडी किंवा उदबत्ती नको.

सुरुवात नवा टायर ताणण्यापासून. कोरड्या रिमवर चढवा, 3 ते 4 बार हवा भरा (टायरवर छापलेली मर्यादा ओलांडू नका) आणि निदान एक दिवस तसाच राहू द्या. ही पायरी टाळली तर गोंदाने बरबटलेल्या हातांनी न ताणलेल्या टायरशी झटापट होते आणि गोंद टायरच्या कुशीला, ब्रेकच्या पट्टीला, सगळीकडे लागतो.

अ‍ॅल्युमिनियमची नवी रिम अ‍ॅसिटोनने पुसा, बारीक पॉलिश पेपरने हलकीशी खरवडा, परत पुसा. कार्बनच्या रिमला अल्कोहोल पुरे. रंग काढायचं रसायन किंवा रंगाऱ्याचं थिनर कार्बनला लावू नका, त्यातला रेझिन खराब होतो. नेलपॉलिश रिमूव्हर अ‍ॅसिटोनच्या जागी चालत नाही. त्यात तेलं असतात आणि त्यांची पातळ साय मागे राहते.

मग थर. रिमवर पहिला थर इतका पातळ द्या की खालची रिम दिसत राहील. रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी दुसरा थर, आणि तो चिकट असतानाच बेल्जियन टेप व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरू करून ताणत बसवा, अंगठ्याने दाबत जा, शेवटी भोकाभोवती कापा. टेपवरून आणखी एक थर ब्रशने चांगला मुरवा. टायरच्या खालच्या सुती पट्टीलाही दोन थर, मध्ये रात्रभराचं अंतर. पहिला थर ती पट्टी पिऊन टाकते, वर काहीच दिसत नाही; घाबरू नका, तसंच व्हायला हवं. पट्टीच्या अगदी कडेपर्यंत ब्रश न्या. टायर सुटायला सुरुवात होते ती कडेपासून.

तिसऱ्या दिवशी टेपवर शेवटचा पातळ थर. पाच-दहा मिनिटं थांबा. मोजा घातलेलं बोट टेकवून उचललं की मधासारखी तार ओढली गेली पाहिजे, पण बोटावर ओला गोंद राहता कामा नये. चाक स्वच्छ फडक्यावर उभं धरा, व्हॉल्व्हचं भोक वर. टायरला आकार येण्यापुरतीच हवा भरा, व्हॉल्व्ह सरळ आत घाला आणि दोन्ही हातांनी टायर खाली ओढत दोन्ही बाजूंनी उतरत या. शेवटचा वीतभर भाग अंगठ्यांनी उचलून रिमवर ढकला. चाक फिरवून बघा: टायरच्या सुती पट्टीची कड दोन्ही बाजूंना सारखी दिसली पाहिजे. वाकडं असेल तर पहिल्या काही मिनिटांतच सरळ करा. मग 3 बारच्या आसपास हवा भरा, आस दोन्ही हातांत धरून अंगाचा भार देत चाक जमिनीवर फिरवा आणि 24 तास हात लावू नका. म्हणजे रविवारची शर्यत असेल तर काम बुधवारी सुरू झालेलं असावं. ताणण्याचा दिवस त्याच्याही आधीचा.

तपासणी सोपी आहे आणि प्रत्येक शर्यतीआधी करावी. पूर्ण हवा काढा, दोन्ही अंगठ्यांनी टायर एका बाजूला जोरात ढकला आणि कडेला फट पडते का ते बघत पूर्ण चाक फिरा. मग दुसऱ्या बाजूने तसंच. कड हलता कामा नये. मिलिमीटर-दोन मिलिमीटर फट उघडली तर तेवढ्याच जागी गोंद भरून भागवू नका, टायर काढा. व्हॉल्व्हच्या आसपास विशेष लक्ष द्या: तिथे टायर जाडसर असतो, रिमवर नीट टेकत नाही आणि बहुतेक टायर तिथूनच उठतात. व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसला तर टायर रिमवरून सरकतोय असं समजा. आतला जाड थर ओला राहिला असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

शर्यतीनंतर प्रेशर पंपाने धुताना फवारा टायर आणि रिमच्या सांध्यावर मारू नका. पाणी कडेतून आत शिरतं, टायरची सुती पट्टी कुजते आणि गोंद ठीक असूनही पट्टीच टायरपासून सुटते. हा दोष गोंदाच्या माथी मारला जातो, तो त्याचा नसतो.

रस्त्यावरच्या शर्यतींत दुखणं वेगळं, तिथे शत्रू उष्णता. 2003 च्या टूर द फ्रान्समध्ये गॅप शहराकडे उतरताना वितळलेल्या डांबरावर स्पेनच्या होसेबा बेलोकीचं मागचं चाक घसरलं, टायर रिमवरून निघाला आणि त्याची मांडी मोडली. रिमवर ब्रेक लागणाऱ्या सायकलींत लांब उतारावर रिम तापते आणि गोंद मऊ पडतो. मास्टिक वन इथे बऱ्यापैकी टिकतो, तरी कार्बन रिम आणि घाटाचा लांब उतार असेल तर ब्रेक सतत दाबून ठेवू नका. श्टिबर रस्त्यावरही मोठा झाला: 2015 मध्ये इटलीतली स्ट्राडे बियांके शर्यत जिंकली, फ्रान्समधल्या पॅरिस-रूबे शर्यतीत 2015 आणि 2017 मध्ये दुसरा आला. त्याच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात रस्त्यावर ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले टायर) आलं आणि 2021 ची पॅरिस-रूबे सोन्नी कोल्ब्रेल्लीने ट्यूबलेसवर जिंकली. रस्त्यासाठी आज नव्याने ट्युब्युलर घेण्याचा सल्ला मी देणार नाही. क्रॉससाठी मात्र जरूर देईन.

तुलना करायचीच तर चेक प्रजासत्ताकातल्याच ओत्रोकोवित्सेच्या टूफोशी करावी. टूफो ट्युब्युलर बनवते आणि ते बसवायला दुतर्फी चिकटपट्टीही देते. पट्टी लावायला अर्धा तास पुरतो, हात स्वच्छ राहतात, त्याच दिवशी सायकल चालवता येते. ट्रॅकला किंवा सरावाच्या रोड चाकांना ती मी बिनदिक्कत सुचवेन. पण क्रॉसच्या कमी हवेत आणि पाण्यात फक्त पट्टीवर विसंबू नये. पट्टीची जाडी ठरलेली असते, रिमच्या पोकळीप्रमाणे ती बदलत नाही, आणि कडेने चिखल शिरला की त्या जागेची पकड परत येत नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात ट्युब्युलरच्या गोंदांच्या चाचण्या झाल्या होत्या, त्यांतही मास्टिक वन वरच्या क्रमांकात होता.

मास्टिक वनचा आणखी एक गुण: तो वाळूनही पूर्ण कडक होत नाही, किंचित चिकट राहतो. त्यामुळे टायर फाटला तर नवा टायर जुन्या थरावर एक पातळ हात देऊन बसवता येतो. असं दोन-तीनदा चालतं. थर गाठाळ झाले किंवा त्यात माती दिसू लागली की सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. हे खरवडणं कंटाळवाणं काम आहे, आणि या गोंदाचा खरा तोटा तोच.

महाराष्ट्रात याचा उपयोग मुख्यतः ट्रॅकवाल्यांना, पुण्यात बालेवाडीच्या व्हेलोड्रोमवर (सायकल ट्रॅकवर) धावणाऱ्यांना. तिथे बेल्जियन टेपची गरज नाही. रिमवर दोन थर, टायरवर एक आणि शेवटचा हात, एवढं पुरतं. एप्रिल-मेच्या उन्हात गोंदावर पटकन साय धरते, म्हणून सकाळी लवकर लावा आणि चाकं बंद गाडीच्या डिकीत ठेवू नका. पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन किंवा चपला-बुटांचा पिवळा गोंद पर्याय म्हणून अजिबात नको. तापलेल्या रिमवर ते धरतील याचा भरवसा नाही. बाहेरून मागवताना ज्वलनशील माल म्हणून पार्सल विमानाने नाकारलं जाऊ शकतं, तेव्हा मोसमाच्या दोन महिने आधी विचारणा करा. डबा उघडल्यावर काठावरचा गोंद पुसून झाकण घट्ट लावा, उलटा करून ठेवा, आणि आतला गोंद रबरी गोळ्यासारखा ओढला जाऊ लागला की थिनर घालून पातळ न करता टाकून द्या.