आरएसओचा प्लॅटिनम 'फ्लोटर' अवॉर्ड: विकत घेतला, भिंतीवर लावला, आता मत सांगते

सॅटरडे नाइट फीव्हर या सिनेमाच्या साउंडट्रॅकचा (तो काढला आरएसओ या रेकॉर्ड कंपनीने) सत्तरच्या दशकातला प्लॅटिनम अवॉर्ड, म्हणजे रेकॉर्ड खूप खपली म्हणून देतात ती फ्रेममधली चंदेरी तबकडी, मी इथे न्यू जर्सीत एका जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्याकडून घेतला. साडेपाचशे डॉलर पडले आणि मला ते वसूल वाटतात, पण का वाटतात ते सविस्तर सांगते कारण या प्रकारात फसवणूक भरपूर चालते.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९४२ मध्ये बँडलीडर ग्लेन मिलरला आरसीए व्हिक्टरने सोनेरी रेकॉर्ड दिली ती कंपनीची स्वतःची भेट होती, अधिकृत गोल्ड सर्टिफिकेशन अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे आरआयएएने, १९५८ मध्ये सुरू केलं आणि प्लॅटिनम आलं १९७६ मध्ये, अल्बमच्या दहा लाख प्रतींसाठी. माझा पीस त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतला. याला कलेक्टर लोक फ्लोटर म्हणतात कारण तबकडी आणि खालची पाटी मागच्या कापडापासून जराशी उचलून बसवलेली असते आणि हवेत तरंगल्यासारखी दिसते. त्याआधीचे ते व्हाइट मॅट, पांढऱ्या पार्श्वभूमीचे, त्यांचे भाव माझ्या आवाक्याबाहेर आहेत, बीटल्सचा असेल तर विचारूच नका.

तबकडी प्लॅटिनमची नसते हं, नुसता चंदेरी मुलामा. आणि बऱ्याचदा ती त्या अल्बमचीसुद्धा नसते! माझ्या तबकडीवर लेबल बरोबर आहे, पहिल्या बाजूची पाच गाणी छापलीत, पण तबकडीवरच्या गाण्यांच्या पट्ट्या मोजल्या तर सहा भरतात. हे बघून बरेच जण घाबरतात आणि खोटा आहे म्हणून सोडून देतात. नका सोडू. बनवणारे हाताशी जी एलपी असेल तिच्यावर मुलामा चढवून लेबल चिकटवायचे, हे तेव्हा सर्रास चालायचं.

खरं बघायचं ते पाटीवर. 'प्रेझेंटेड टू' असं लिहून पुढे कोणाला दिला ते नाव, मग दहा लाखांहून जास्त प्रती विकल्याबद्दल असा मजकूर, आणि आरआयएएचं चिन्ह. माझ्या पाटीवर ओहायोतल्या एका रेडिओ स्टेशनचं नाव आहे आणि डीलर म्हणाला गायकाच्या नावाचा असता तर किंमत कितीतरी पट झाली असती. असेल, पण मला हाच जास्त आवडतो. गाणी गाजली ती कोणीतरी रोज वाजवली म्हणून, दुकानदाराने काउंटरवर ठेवली म्हणून, सेल्सवाल्याने गावोगाव फिरून खोके पोचवले म्हणून, आणि कंपन्या या सगळ्यांनाही अवॉर्ड द्यायच्या. तो इतिहास फक्त या पाट्यांवर उरलाय. म्हणून पाटी कोरी असलेला किंवा पाटी बदललेला पीस कितीही चकचकीत असला तरी मी घेणार नाही.

हे अवॉर्ड म्हणजे लोकांनी घरी नेलेल्या रेकॉर्डचा हिशोब असंही नाही. सर्टिफिकेशन दुकानांना पाठवलेल्या मालावर व्हायचं. याच आरएसओने १९७८ मध्ये सार्जंट पेपर सिनेमाचा साउंडट्रॅक प्रचंड संख्येने बाजारात ओतला, प्लॅटिनम मिळवलं आणि नंतर दुकानदारांकडून ढिगाने माल परत आला.

नकली ओळखायला एक सोपी खूण. आरआयएएचा होलोग्राम १९८५ पासून आला, तेव्हा सत्तरच्या दशकातला म्हणून विकतायत आणि पाटीवर होलोग्राम चमकतोय तर सरळ नाही म्हणा. ऑनलाइन 'गोल्ड रेकॉर्ड अवॉर्ड' म्हणून नव्या शोभेच्या फ्रेमा विकतात त्या वेगळ्याच, त्यावर कोणाला दिला ते नसतंच. भिंत सजवायला ठीक, कलेक्शन म्हणून शून्य.

माझ्या पीसमधे उणिवा आहेत. पुढच्या शीटवर बारीक ओरखडे, फ्रेमचा एक कोपरा सैल, कापड एका बाजूला फिकट. डीलरने हे सगळं न विचारता दाखवलं, मागची बाजूही उघडून दाखवली, पॅकिंग उत्तम केलं होतं. भाव मात्र एक डॉलर कमी केला नाही.

भिंतीवर लावणार असाल तर ऊन येईल तिथे नको, मुलामा आणि लेबल दोन्ही उडतात. आणि वजन चांगलंच असतं, एका खिळ्यावर टांगू नका, दोन हूक लावा.